आधी थांबायला शिकू

स्केटिंगच्या चांगल्या वर्गात पहिले काही दिवस कुणालाच पळू देत नाहीत. मुलं हेल्मेट चढवतात, गुडघ्यांना आणि कोपरांना पॅड बांधतात, मनगटांवर रिस्ट गार्ड आवळतात आणि मग उभं राहायला, खाली बसायला, पडायला आणि पडून उठायला शिकतात. बाहेर बाकावर बसलेल्या पालकांना वाटतं, चाकं लावून आणली ती पळण्यासाठी, मग ही उठाबशी कशाला?

चाळिशी ओलांडल्यावर मी इनलाइन स्केटिंगकडे, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या स्केट्सकडे, वळलो, तेव्हा मलाही याच पायऱ्या चढाव्या लागल्या. सुरुवातीला कारण साधं होतं. घाम निघावा, पोट आत जावं आणि ट्रेडमिलवर भिंतीकडे बघत चालण्यापासून सुटका व्हावी. पण पाय चाकांवर स्थिरावू लागले तशी या खेळाची ओढ वाढत गेली. संध्याकाळी काम संपवताना हात आपोआप लवकर चालू लागले. वाचन वाढलं, चाकं आणि बेअरिंग उघडून बघणं सुरू झालं. या सगळ्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. इनलाइन स्केट्सचा इतिहास, त्यांचं यंत्रशास्त्र आणि त्यांतून मिळणारं आरोग्य, हे सगळं एकाच प्रश्नाभोवती फिरतं: चाकांना पळायचंच असतं, त्यांना वळवायचं आणि थांबवायचं कसं?

आरशावर आदळलेला वादक

या प्रश्नाची पहिली गाजलेली हकिकत अठराव्या शतकातल्या लंडनची आहे. जॉन जोसेफ मर्लिन हा मूळचा आजच्या बेल्जियममधल्या उई गावचा. घड्याळं, वाद्यं आणि यांत्रिक खेळणी बनवण्यात त्याचा हातखंडा होता. पुढे लंडनमध्ये त्याने अशा यंत्रांचं स्वतःचं संग्रहालयही थाटलं. सोहोमधल्या कार्लाइल हाऊस या वाड्यात मुखवटे घालून नाचण्याच्या मेजवान्या होत असत. अशाच एका मेजवानीत मर्लिन छोटी धातूची चाकं लावलेले बूट घालून आला, आणि तोही व्हायोलिन वाजवत. पाहुणे थक्क झाले. पण त्या बुटांना वळायची सोय नव्हती आणि थांबायचीही नव्हती. तो सरळ जाऊन एका प्रचंड आरशावर आदळला. ५०० पौंडांहून अधिक किमतीचा आरसा फुटला, व्हायोलिन मोडलं आणि मर्लिन स्वतः चांगलाच जखमी झाला, असं ही हकिकत सांगते.

पुढची शंभर वर्षं संशोधक याच अडचणीशी झुंजत होते. १८१९ मध्ये पॅरिसच्या पेटिब्लेड यांनी लाकडी तळव्याखाली एका ओळीत तीन चाकं बसवलेल्या स्केटचं पेटंट घेतलं. म्हणजे आजच्या इनलाइनची मूळ कल्पना दोनशे वर्षांहून जुनी आहे. पण त्यावर सरळ रेषेतच जाता येई. १८२३ मध्ये लंडनच्या रॉबर्ट जॉन टायर्स यांनी पाच चाकांची ओळ केली आणि मधलं चाक इतरांपेक्षा मोठं ठेवलं. त्यामुळे शरीराचा भार मधल्या चाकावर येई आणि पाय फिरवणं सोपं होई. ही युक्ती आजही जिवंत आहे. शंकूंच्या रांगेतून नागमोडी नाचत जाणारे स्लॅलम खेळाडू मधली दोन चाकं किंचित खाली येतील अशी मांडणी करतात. तिला ‘रॉकर’ म्हणतात.

या अडचणीवर भक्कम तोडगा निघाला १८६३ मध्ये, आणि तो ओळ मोडून निघाला. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यांनी दोन चाकं पुढे आणि दोन मागे अशी जोड्यांनी बसवली आणि त्यांच्यावर रबराची गादी दिली. ज्या बाजूला अंग झुकवावं, त्या बाजूला स्केट वळू लागला. हाच तो क्वाड. आपल्याकडच्या बहुतेक मुलांची सुरुवात याच चारचाकी स्केट्सवर होते. ज्याला वळता येतं त्याला गर्दीतही खेळता येतं. त्यामुळे अमेरिकेत आणि युरोपात भराभर रिंक उभी राहिली आणि पुढची शंभरेक वर्षं क्वाडचं राज्य राहिलं. एका ओळीतली चाकं अडगळीत गेली.

मिनियापोलिसचे दोन भाऊ

एका ओळीतली चाकं अडगळीतून बाहेर आली १९८० च्या सुमारास. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हिवाळा लांबतो आणि बर्फावरच्या हॉकीचं वेड घराघरांत असतं. प्रश्न उन्हाळ्याचा. बर्फ वितळला की सराव कुठे करायचा? मिनियापोलिसचा हॉकीपटू स्कॉट ओल्सन याच्या हाती एका दुकानात जुना इनलाइन स्केट लागला. बर्फावरच्या स्केटचं पातं आणि ही चाकांची ओळ यांची चाल सारखीच आहे, हे त्याने ओळखलं. भाऊ ब्रेनन याला सोबत घेऊन घराच्या तळघरात त्याने त्या स्केटमध्ये सुधारणा सुरू केल्या.

दोन गोष्टींनी चित्र पालटलं. पहिली म्हणजे पॉलियुरेथेनची चाकं. जुनी चाकं धातूची, लाकडाची किंवा चिकणमातीच्या मिश्रणाची असत. ती खडबडीत जमिनीवर दात खडखडतील इतकी थरथरत आणि गुळगुळीत जमिनीवर निसटत. पॉलियुरेथेन हे प्लास्टिक टणक असूनही किंचित दबतं, जमिनीला धरून राहतं आणि लवकर झिजत नाही. १९७० च्या दशकात स्केटबोर्डच्या जगात फ्रँक नॅसवर्दी यांनी या चाकांचं महत्त्व सिद्ध केलं होतंच. दुसरी गोष्ट म्हणजे टाचेमागचा रबरी ब्रेक. तो येईपर्यंत इनलाइन हे तरबेज हॉकीपटूंच्या सरावाचं साधन होतं. ब्रेक आल्यावर ते घरातल्या कुणालाही वापरता येऊ लागलं. ओल्सन बंधूंच्या रोलरब्लेड कंपनीची मालकी पुढे दुसऱ्यांकडे गेली, पण १९९० च्या दशकात कोट्यवधी अमेरिकन या स्केट्सवर फिरत होते आणि कंपनीचं नाव सगळ्याच इनलाइन स्केट्ससाठी बोलीभाषेत रुळलं होतं.

पुढे जायचं तर बाजूला रेटा

चालताना आपण जमीन मागे ढकलतो. स्केटवर तसं केलं तर चाक मागे गडगडतं आणि आपण आहोत तिथेच राहतो. चाक त्याच्या लांबीच्या दिशेने मोकळं फिरतं, पण आडवं ढकललं तर जमीन धरून ठेवतं. म्हणून पावलं इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या टोकांसारखी बाहेर वळवायची आणि एक पाय बाजूला रेटायचा. तो पाय जमिनीला तिरपं ढकलतो, जमीन आपल्याला तेवढ्याच जोराने उलट ढकलते आणि दुसऱ्या पायाची चाकं त्या जोराला पुढच्या दिशेने वळवतात. मग भार दुसऱ्या पायावर, आणि रेटा उलट बाजूने. वरून पाहिलं तर स्केटरची वाट सरळ दिसत नाही, ती डावी-उजवीकडे लहरत जाते.

यातली खरी गोम भार टाकण्यात आहे. नवशिका दोन्ही पायांवर अर्धा अर्धा भार ठेवतो, कारण तसं सुरक्षित वाटतं. पण रेटा पूर्ण लागण्यासाठी सगळं शरीर एका पायावर तोललं गेलं पाहिजे. नाक, गुडघा आणि पायाचा अंगठा एका उभ्या रेषेत आले की तोल सापडतो. आणि गुडघे वाकलेले हवेत, चांगलेच वाकलेले. वाकलेल्या पायालाच बाजूला लांब जाता येतं. ताठ पाय आधीच संपलेला असतो, त्याला रेटायला लांबी उरत नाही. आमच्या रिंकवर मी थकून ताठ होऊ लागलो की मागून येणारी मुलं हमखास ओरडतात, “काका, खाली बसा, खाली!” त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. खाली बसलं की शरीराचा गुरुत्वमध्य उतरतो, तोल सावरायला जास्त वाव मिळतो आणि वाऱ्याचा अडथळाही घटतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. म्हणूनच शर्यतीतले स्केटर पाठ जमिनीला समांतर ठेवून, पुढच्याच्या आडोशाने पळतात.

अमेरिकेच्या चॅड हेड्रिकने १९९० च्या दशकात या साध्या रेट्यात आणखी भर घातली. पाय जमिनीवर टेकला की तो आधी बाहेरच्या कडेवर घेऊन आतल्या बाजूला ओढायचा आणि मग नेहमीसारखा बाहेर रेटायचा. एका पावलात दोन रेटे. ‘डबल पुश’ नावाने ही चाल आज जगभरचे वेगवान स्केटर वापरतात.

थांबण्याचे प्रकार

टाचेचा ब्रेक सर्वांत भरवशाचा, पण तो वापरायची रीत अंगात मुरवावी लागते. ब्रेक असलेला पाय पुढे सरकवायचा, गुडघे वाकवून खाली बसायचं आणि पुढच्या पायाचा चवडा उचलायचा. रबर जमिनीला घासतं आणि वेग उतरतो. भार हळूहळू वाढवायचा. घाईने टाच आपटली तर अंग पुढे फेकलं जातं. १९९० च्या दशकात रोलरब्लेडने यातही सुधारणा केली. पाय नुसता पुढे सरकवला की पोटरीच्या मागचा बुटाचा भाग मागे दबतो आणि एका दांडीने ब्रेक खाली ढकलतो. चारही चाकं जमिनीवरच राहतात.

दुसरा प्रकार म्हणजे नांगर. दोन्ही पाय फाकवायचे, चवडे आत वळवायचे आणि आतल्या कडांनी जमीन दाबायची. मंद वेगात हा फार उपयोगी. तिसरा टी-स्टॉप. मागचा पाय पुढच्या पायाला काटकोनात आडवा धरून हलका फरफटत न्यायचा. यात चाकं एका बाजूने झिजतात, पण गर्दीत वेग ताब्यात ठेवायला हाच हाताशी असतो. चौथा पॉवरस्लाइड. अंग गर्रकन वळवून एक पाय आडवा घसरवायचा. तो अनुभवी लोकांचा. नवशिक्याने पहिले दोन इतके घटवावेत की विचार न करता पाय हलतील. माझा स्वतःचा आनंद खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला. हव्या त्या जागी थांबता येतं हे शरीराला पटलं आणि खांदे सैल झाले, नजर पायांवरून उठून समोर गेली, वेग आपोआप वाढला. भीती गेली की दम पुरतो, हे मी रिंकवर शिकलो.

शरीराला काय मिळतं

आपलं सगळं चालणं, पळणं, सायकल चालवणं सरळ रेषेतलं असतं. कमरेच्या बाजूचे आणि मांडीच्या आतले स्नायू त्यात फारसे राबत नाहीत. स्केटिंग नेमकं त्यांनाच कामाला लावतं. प्रत्येक रेट्याला नितंबांचे आणि मांड्यांचे मोठे स्नायू जोर लावतात, आणि एका पायावर तोल राखताना घोट्याभोवतीचे, पोटाचे व पाठीचे स्नायू अखंड सावध राहतात. पाऊल आपटत नसल्यामुळे गुडघ्यांना पळण्यातले धक्के बसत नाहीत.

ऊर्जेचा हिशेबही बोलका आहे. शांत बसलेलं शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, त्याला एक ‘मेट’ म्हणतात. ताशी १४ किलोमीटरच्या आसपास, गप्पा मारता येतील अशा चालीने केलेल्या स्केटिंगला साधारण ७.५ मेट धरतात आणि ताशी १७-१८ किलोमीटरला जवळपास १०. याचा अर्थ, ७० किलो वजनाची व्यक्ती रमतगमत तासभर स्केटिंग करते तेव्हा पाचशेच्या वर कॅलरी खर्च होतात. अट एकच. पाय चालते हवेत. उतारावर नुसतं घरंगळत राहिलं तर वेग मिळतो, व्यायाम घडत नाही.

पण आकड्यांपेक्षा मला जास्त मोलाचं वाटतं ते सातत्य. व्यायाम सोडून देण्याचं कारण बहुधा कंटाळा असतं. स्केटिंगमध्ये दर आठवड्याला काहीतरी नवं खुणावत असतं. आज उलटं जाणं, उद्या वळणावर पाय ओलांडून टाकणं, परवा एका पायावर लांब तरंगणं. शिकण्याची भूक माणसाला रिंकवर खेचून नेते आणि दमसास तिच्यामागून येतो.

मनगट जपा

पडण्याची भीती खोटी नाही, पण तिच्यावर स्वस्त उपाय आहे. तोल गेला की माणूस हात पुढे टेकतो, म्हणून या खेळात सर्वांत जास्त दुखावतं ते मनगट. १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या जखमी स्केटरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक तृतीयांश दुखापती मनगटाच्या होत्या, आणि रिस्ट गार्ड न घालणाऱ्यांमध्ये मनगट दुखावण्याचा धोका घालणाऱ्यांपेक्षा जवळपास १० पट दिसला. कोपराच्या पॅडचंही प्रमाण तसंच होतं. रिस्ट गार्डमधली टणक पट्टी जमिनीवर घसरते आणि हाडावर येणारा मार घसरण्यात खर्ची पडतो. म्हणून पडायचं तेही पुढे, खाली बसत, आधी गुडघ्यांचे पॅड आणि मग हात टेकवत. मागे पडणं टाळायचं, कारण तिथे माकडहाडाला आणि डोक्याला धोका असतो. हेल्मेटशिवाय चाकांवर उभंच राहू नये. हृदयविकार, चक्कर किंवा हाडांचा ठिसूळपणा असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

स्केट्स निवडताना

पैसे बुटावर खर्च करा. घोटा घट्ट धरला गेला पाहिजे, टाच बुटात उचलली जाता कामा नये. ‘पुढे वाढेल’ म्हणून मुलांना एक माप मोठे स्केट्स घेतले तर तोल कधीच सापडत नाही. चाकांचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. ७२ ते ८० ची चाकं वळणांसाठी आणि शिकण्यासाठी चांगली. ८४ ते ९० ची लांब, आरामशीर फेऱ्यांसाठी. १०० ते १२५ ची वेगासाठी, पण त्यांवर उंची वाढते आणि घोट्याची परीक्षा होते. चाकावर ७८ए, ८५ए असे आकडे असतात, तो टणकपणा. आकडा लहान तितकं चाक मऊ आणि खडबडीत रस्त्यावर सुखाचं.

प्रत्येक चाकात दोन बेअरिंग असतात. बहुतेक ठिकाणी ६०८ मापाची, म्हणजे आतलं भोक ८ मिलिमीटर आणि बाहेरचा व्यास २२. त्यांच्या खोक्यावर एबेक ५, ७, ९ असं छापलेलं असतं आणि दुकानदार ते वेगाचं माप म्हणून सांगतात. प्रत्यक्षात तो आकडा घडणीतल्या अचूकतेचा आहे. आपल्यासारख्याला बेअरिंग स्वच्छ आणि कोरडं ठेवण्याचा फायदा त्याहून मोठा.

महाराष्ट्रात तर हे फारच महत्त्वाचं. पावसात ओल्या रस्त्यावर चाकांची पकड सुटते, रंगवलेल्या पट्ट्यांवर तर विशेष, आणि पाणी शिरलेलं बेअरिंग गंजतं. कोकण किनाऱ्यावर वाळू आणि खारी हवा तेच काम बारा महिने करतात. म्हणून पावसाळ्यात छपराखालचं रिंक गाठावं. कोरड्या दिवसांत पहाटेचा रुंद, गुळगुळीत रस्ता शोधावा. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी ‘संडे स्ट्रीट्स’ उपक्रमात रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हसह शहरातले काही रस्ते वाहनांना बंद करून चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना आणि स्केटरांना मोकळे करून दिले. पॅरिसमध्ये दर शुक्रवारी रात्री मोंपार्नासपासून शेकडो स्केटर शहरभर फेरी मारतात आणि सोबत पोलीसही स्केट्सवर असतात. रस्ता थोडा वेळ माणसांना परत मिळाला की शहराचा चेहरा किती बदलतो, हे अशा उपक्रमांत दिसतं.

वेगाचे मानकरी

या खेळाची उंची कळण्यासाठी बर्लिनकडे बघावं. तिथल्या प्रसिद्ध मॅरेथॉनमध्ये १९९७ पासून इनलाइनची स्वतंत्र शर्यत असते आणि ४२.१९५ किलोमीटर अंतर अव्वल स्केटर एका तासाच्या आत कापतात. ती अनेकदा जिंकणारा बेल्जियमचा बार्ट स्विंग्स २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरही सुवर्ण घेऊन गेला. त्याच स्पर्धेत ५०० मीटरचं सुवर्ण जिंकणारी अमेरिकेची एरिन जॅक्सनही इनलाइनवर घडलेली. उन्हाळ्यातल्या सरावासाठी पुन्हा जन्मलेल्या या चाकांनी बर्फाला असे विजेते परत दिले.

भारताचं नावही आता यात ठळक आहे. २ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझौच्या आशियाई स्पर्धांत ३००० मीटर रिलेमध्ये महिलांच्या आणि पुरुषांच्या दोन्ही संघांनी कांस्यपदक मिळवलं. पुरुषांच्या संघात आर्यनपाल सिंग घुमन आणि आनंदकुमार वेलकुमार यांच्यासोबत सिद्धान्त कांबळे आणि विक्रम इंगळे होते. ही आडनावं ऐकून आपल्या रिंकवरची मुलं किती खूश झाली असतील! आणि सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमधल्या बैदाईहे इथे तमिळनाडूच्या आनंदकुमारने १००० मीटर स्प्रिंट १ मिनिट २४.९२४ सेकंदांत जिंकून स्पीड स्केटिंगमधलं भारताचं पहिलं जागतिक विजेतेपद मिळवलं. सरासरी वेग ताशी ४२ किलोमीटरच्या वर. त्याच स्पर्धेत मॅरेथॉनचं सुवर्णही त्याने जिंकलं. ज्या देशात स्केटिंगला अजून ‘लहान मुलांचा उन्हाळी वर्ग’ समजतात, त्या देशातून हे घडलं.

माझी तक्रार नेमकी त्या समजुतीशी आहे. संध्याकाळी कुठल्याही रिंकवर जा. आत मुलं पळताहेत आणि बाहेर त्यांचे आईवडील मोबाइल बघत तासभर बसले आहेत. तेवढ्या वेळात त्यांच्या मांड्या, कंबर आणि फुप्फुसं भरपूर काम करू शकतील. चाळीस-पन्नाशीच्या माणसाला शर्यत जिंकायची नसते. त्याला गुडघे वाकवून नीट पडता आलं, टाच दाबून नीट थांबता आलं, की बाकीचं सगळं हळूहळू येतं आणि आलेलं टिकतं. पुढच्या वेळी मुलांना सोडायला जाल तेव्हा सरांना विचारा, मोठ्यांची बॅच कधी असते. नसेल तर चार पालक मिळून सुरू करायला सांगा, आणि पहिल्याच दिवशी आपल्या मापाचे रिस्ट गार्ड घेऊन जा.